मोजक्या तबकड्यांची रांग

माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं. त्यावर निळ्या पेनानं सात नावं लिहिलेली होती. पहाटेचे पावणेसहा वाजले होते. लंडनच्या सोहो भागातल्या बर्विक स्ट्रीटवर अजून उजाडायचं होतं. ते रस्त्यावरच्या दिव्याखाली पान धरून एकेका नावाचा विचार करत होते. दुकान आठला उघडणार होतं. तोवर सातांची तीन करायची, एवढं त्यांचं काम चाललं होतं.

तारीख होती 12 एप्रिल 2025, वार शनिवार. हा त्या वर्षीचा रेकॉर्ड स्टोअर डे, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा दिवस. या दिवसासाठी खास छापलेल्या तबकड्या त्या दिवशी फक्त दुकानातच मिळतात आणि त्याही ठरावीक संख्येत. संपादकांनी या अंकासाठी 'मोजकं' हा विषय दिला, तेव्हा मी लंडनला भाचीकडे जायच्या तयारीत होतो. ही रांग प्रत्यक्ष पाहून यायची, हे तिथंच ठरलं.

भाची राहते त्या वेम्बली पार्कला शुक्रवारी मेट्रो रात्रभर चालते. भाची स्टेशनपर्यंत सोडायला आली. तिनं विचारलं, "मामा, सगळं फोनवर आहे की! मग एवढ्या थंडीत कशाला जातोस?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते मिळालं त्या गृहस्थांच्या पानावर.

दुकानं वाचवायचा दिवस

ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागचा बर्विक स्ट्रीट म्हणजे जेमतेम पाच मिनिटांत चालून संपणारी गल्ली. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी मात्र ती पंढरी आहे. ओएसिस या बँडच्या 1995 सालच्या गाजलेल्या आल्बमचं मुखपृष्ठ याच गल्लीत टिपलेलं आहे. सिस्टर रे आणि रेकलेस रेकॉर्ड्स ही दुकानं इथली. कोपरा वळलं की ब्रॉडविक स्ट्रीटवर साउंड्स ऑफ द युनिव्हर्स, आणि तिथून थोडं पुढं पोलंड स्ट्रीटवर फोनिका. एका सकाळी पायी फिरून चार दुकानं होतात.

या दिवसाची कल्पना निघाली अमेरिकेत, 2007 साली. गाणी इंटरनेटवर गेली होती, मोठमोठ्या साखळी दुकानांना टाळी लागत होती आणि गल्लीतलं छोटं रेकॉर्डचं दुकान आता इतिहासजमा होणार, असं सगळे धरून चालले होते. तेव्हा काही स्वतंत्र दुकानदार एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं की वर्षातला एक दिवस आपला. पहिला दिवस 19 एप्रिल 2008 रोजी साजरा झाला. त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात मेटॅलिका बँडचे कलाकार स्वतः येऊन चाहत्यांना भेटले. पुढं कंपन्या या दिवसासाठी खास तबकड्या काढू लागल्या आणि रांगा लागू लागल्या.

आज ब्रिटनमध्ये अडीचशेहून अधिक दुकानं यात भाग घेतात. नियम साधे आहेत. विक्री काउंटरवर, समोर उभ्या असलेल्या माणसाला. एका माणसाला एका नावाची एकच प्रत. ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी आधीपासून बाजूला काढून ठेवायची नाही. उरलेला माल इंटरनेटवर टाकायला काही दिवस थांबायचं. आमदाराचा मुलगा असो की कारखानदाराचा, पहाटे उठणं कुणालाच चुकत नाही.

याचा उपयोग झाला का? ब्रिटनमध्ये 2024 साली 67 लाख एलपी विकल्या गेल्या. विक्री वाढण्याचं ते सलग सतरावं वर्ष होतं. अमेरिकेत 2022 साली सुमारे 4 कोटी 10 लाख तबकड्या खपल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर प्रथमच तबकडी सीडीच्या पुढे गेली. हे सगळं श्रेय एका दिवसाचं नाही. पण माणसांना दुकानाचा उंबरठा पुन्हा ओलांडायला या दिवसानं लावलं, हे निश्चित.

पहिली काट, दुसरी काट

ते गृहस्थ निवृत्त पोस्टमन होते. पन्नासहून अधिक वर्षं तबकड्या जमवतायत. थर्मासमधला चहा मला देत त्यांनी आपलं पान समजावून सांगितलं.

पहिली काट पडली एका चित्रतबकडीवर. पूर्ण तबकडीवर कलाकाराचा रंगीत फोटो असतो, भिंतीवर टांगली तर सुंदर दिसते. पण तिच्या पोटात छापील कागद असतो आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ थर. सुई फिरते तो चर त्या पातळ थरात उमटवलेला. त्यामुळे सुईखाली एक बारीक खरखर सतत येत राहते. मला हे लगेच पटलं, कारण काही वर्षांपूर्वी मी अशीच एक तबकडी मोठ्या हौसेनं घेतली होती. तिच्यावर क्रमांकही छापलेला होता. घरी येऊन लावली, दोन गाणी ऐकली आणि परत ठेवून दिली. आजतागायत ती पुन्हा लागलेली नाही.

दुसरी काट पडली ती वेगळ्या कारणानं. या दिवसाच्या यादीत सगळ्या तबकड्या एका जातीच्या नसतात. काही फक्त या दिवसापुरत्या, पुन्हा न छापायच्या. काही 'आधी इथं' अशा, म्हणजे आज स्वतंत्र दुकानात रंगीत आवृत्ती आणि काही महिन्यांनी तीच साध्या काळ्या तबकडीवर सगळीकडे. काही अगदी थोड्या प्रतींच्या, एखाद्या प्रदेशापुरत्या. यादीत कुठल्या नावापुढे काय लिहिलंय हे आधी पाहायचं. दुसऱ्या जातीतली असेल तर थांबलेलं बरं, असं त्यांचं मत. काळी तबकडी बहुतेक वेळा स्वस्त पडते आणि आवाज तोच असतो.

एका बाजूला किती मिनिटं

तिसरी काट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली. एका मैफलीचं ध्वनिमुद्रण होतं. कलाकार उत्तम, आजवर तबकडीवर न आलेलं. पण अठ्ठावन्न मिनिटं एकाच एलपीवर बसवलेली. म्हणजे एका बाजूला एकोणतीस.

इथं तबकडीचं शास्त्र थोडं सांगायला हवं. एलपी मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते. कोलंबिया कंपनीनं ती जून 1948 मध्ये बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर एकच चर असतो, बाहेरून आत वळत जाणारा. उलगडून सरळ केला तर सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. आवाज मोठा, खर्ज भरदार, तर चर रुंद वळणं घेतो आणि जागा खातो. वीस मिनिटांच्या आसपास संगीत असेल तर चराला मोकळं वळायला जागा मिळते. तीस मिनिटं कोंबायची तर आवाजाची पातळी खाली आणावी लागते, खर्ज आवरावा लागतो. शिवाय सुई जसजशी मध्याकडे येते तसतसा एका फेऱ्यातला रस्ता आखूड होत जातो आणि उंच स्वर थोडे फाटू लागतात. म्हणून वेष्टनावरची रंगाची पट्टी वाचण्याआधी गाण्यांची मिनिटं मोजावीत. तासाभराची मैफल दोन तबकड्यांवर दिली असेल, तर छापणाऱ्यानं ऐकणाऱ्याचा विचार केलाय असं समजावं.

वजनाचं मात्र उलट आहे. '180 ग्रॅम' ही अक्षरं वेष्टनावर ठळक छापतात. जड तबकडी हाताला छान लागते, सपाटही राहते. पण आवाज चांगला लागतो तो मूळ फितीपासून साच्यापर्यंतच्या कामामुळे. 140 ग्रॅमची, नीट कापलेली तबकडी जड पण गचाळ कामाच्या तबकडीपेक्षा केव्हाही सरस.

हे काम असं चालतं. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा गुळगुळीत लेप असतो. लेथवर ती फिरवतात आणि माणकासारख्या कठीण खड्याची सुई तिच्यावर चर कोरते. मग तिच्यावर चांदीचा पातळ थर चढवून निकेलचा मुलामा देतात. तो सोलून काढला की उलटा ठसा मिळतो. त्यावरून आणखी एक, आणि त्यावरून शेवटी छापायचा साचा. दोन साच्यांमध्ये तापवलेल्या पीव्हीसीचा गोळा आणि दोन्ही बाजूंची लेबलं ठेवून दाबतात. अर्ध्या मिनिटात तबकडी तयार. साचा झिजतो, ठरावीक प्रतींनंतर बदलावाच लागतो.

यातूनच 'मोजकं' या शब्दाचे दोन अर्थ निघतात. चर कोरण्याचा, साचे करण्याचा खर्च पाचशे प्रती काढा की पाच हजार, जवळपास तेवढाच. छोट्या कंपनीला पाच हजारांचा धोका परवडत नाही. गिऱ्हाईक किती हे तिला ठाऊक असतं, तेवढ्याच ती काढते. हे झालं खरं मोजकं. दुसरं मोजकं ठरवून केलेलं असतं. तोच आल्बम पाच रंगांत, प्रत्येक रंगाच्या ठरावीक प्रती. संख्या दोन्हीकडे छापलेली असते. कुठली संख्या गरजेतून आली आणि कुठली जाहिरातीतून, हे ओळखणं म्हणजेच निवड.

या धंद्याचा पाया किती नाजूक आहे हेही लक्षात ठेवायला हवं. लॅकरच्या चकत्या बनवणारे कारखाने जगात दोनच होते, एक अमेरिकेत आणि एक जपानमध्ये. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातला कारखाना आगीत जळून गेला. तेव्हापासून सगळ्या जगाची भिस्त मुख्यतः एका जपानी कारखान्यावर आहे.

कोपऱ्यावरचं दुकान आणि उरलेली तीन नावं

चौथं नाव सत्तरच्या दशकातल्या एका आल्बमचं होतं, जुन्याचीच नवी छपाई. ते त्यांनी हसत खोडलं. त्याची मूळ प्रत कोपऱ्यावरच्या दुकानात जुन्या मालात पडून होती, आणि नवीच्या निम्म्या किमतीत. जे लाखोंनी छापलं गेलं होतं, ते जुन्या बाजारात मिळतंच. त्याच्या 'मर्यादित' नव्या आवृत्तीसाठी धावायचं कारण नाही. फक्त जुनी घेताना तबकडी दिव्याखाली तिरपी धरून बघायची. नखाला लागणारा ओरखडा सुईलाही लागतो. नुसता दिसणारा बहुधा लागत नाही.

लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीकडेही त्यांनी माझं लक्ष वेधलं. मोबाइलचा उजेड तिरका पाडला की तिथं कोरलेली बारीक अक्षरं दिसतात: साच्याचा क्रमांक, कित्येकदा चर कापणाऱ्या कारागिराची सही. वेष्टन काहीही म्हणो, तबकडीचं खरं जन्मटिपण तिथं असतं. जाणकार त्या सह्या ओळखतात आणि कारागिराच्या नावावर तबकडी घेतात. घराण्याच्या नावावर मैफलीला जाणारे आपल्याकडचे रसिक आठवावेत.

उरली तीन नावं. त्यातली दोन जॅझची होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ब्लू मोरोक्को नावाचा एक क्लब होता. तिथं 1967 साली ट्रम्पेटवादक फ्रेडी हबर्ड आणि केनी डोरम यांच्या मैफली ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. त्या फिती पन्नासहून अधिक वर्षं प्रसिद्धच झाल्या नव्हत्या. रेझोनन्स या छोट्या कंपनीनं त्या मिळवल्या, स्वच्छ केल्या, वादकांच्या वारसांशी रीतसर करार केले, सोबत माहितीची पुस्तिका जोडली आणि या दिवसासाठी तबकड्या काढल्या. हबर्डची मैफल तीन तबकड्यांवर. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. त्या सकाळी ते संगीत फोनवर नव्हतं. जगात कुठंच नव्हतं. ते या रांगेच्या टोकाला होतं.

तिसरं नाव होतं टेलर स्विफ्टच्या 'फोर्टनाइट' या गाण्याची छोटी, सात इंची तबकडी. ती नातीसाठी. गाणं तिला पाठ आहे, पण हातात धरता येईल असं तिचं स्वतःचं ते पहिलं गाणं असणार होतं. त्यावर काट मारायचा विचारही त्यांच्या मनात आला नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

काउंटरपाशी

आठला दार उघडलं. गर्दीच्या दिवशी खणात हात घालू देत नाहीत. पाच-पाच माणसं आत सोडतात. काउंटरवर नावं सांगायची, मागं उभी असलेली मुलं खोक्यांतून काढून देतात. पोस्टमनकाकांना हबर्ड मिळाला, नातीचं गाणं मिळालं. डोरमच्या प्रती संपल्या होत्या. पुढच्या दोन गल्ल्यांत विचारून बघतो म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून निघाले.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलेला हिशेब ऐकून मी थक्क झालो. या दिवसाचा माल परत घेतला जात नाही. दुकानानं मागितलेल्या प्रती सगळ्या येतात असंही नाही. वीस मागाव्यात, तर कधी पाच येतात. आणि जे खपेल असं वाटून जास्त मागवलं ते उरलं, तर वर्षभर खणात बसतं, दुकानाचे पैसे अडकवून. पंचवीस ते चाळीस पौंडांची एक एलपी, आपल्या हिशेबात तीन ते साडेचार हजार रुपये. चुकलेल्या अंदाजाची दहा खोकी म्हणजे छोट्या दुकानाचं महिन्याचं भाडं.

म्हणजे निवड फक्त गिऱ्हाइकाची नसते. आपण रांगेत उभं राहण्याआधी काही महिने दुकानदारानं त्याच यादीतून निवड केलेली असते, स्वतःच्या खिशातून. ज्या दुकानाची निवड आपल्या कानाला जुळते ते दुकान धरून ठेवावं. काय ऐकतो, कुठलं यंत्र आहे, किती पैसे घालवायचेत हे मोकळेपणानं सांगावं. त्या बाईंनी मला तीन प्रश्न विचारले आणि एका खणाकडे बोट दाखवलं.

त्याच सुमारास एक तरुण आला. सकाळी घेतलेल्या तबकड्या त्याला तिथंच कुणाला तरी दुप्पट भावानं विकायच्या होत्या. बाईंनी शांतपणे दार दाखवलं. असा माल त्याच संध्याकाळी इंटरनेटवर चढ्या भावानं झळकतो. ज्यांना रांगेत मिळालं नाही त्यांनी त्या रात्री अजिबात घेऊ नये. ताप उतरला की भावही कित्येकदा उतरतो, आणि उरलेल्या प्रती दुकानं स्वतः काही दिवसांनी मूळ किमतीला विकायला काढतात.

मुंबईहून निघालेली तबकडी

बाईंनी दाखवलेल्या खणात मला चरणजित सिंग भेटले.

मुंबईचे वादक. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतून आयुष्यभर वाजवलेले. 1982 साली त्यांनी रोलँड कंपनीची तेव्हा नवी असलेली इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीनं एलपी काढली. फारशी कुणी घेतली नाही. वीस वर्षांनी, 2002 साली, एका डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीतल्या दुकानात सापडली. त्यानं चरणजितजींचा शोध घेतला आणि 2010 साली बॉम्बे कनेक्शन या आपल्या छोट्या कंपनीतर्फे ती पुन्हा छापली. ऐकणारे चक्रावले. शिकागोत पुढं काही वर्षांनी जन्मलेल्या ॲसिड हाउस संगीताचा नाद मुंबईत आधीच वाजून गेला होता. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन तरुणांपुढे ते राग वाजवून आले. 2015 साली ते गेले.

ही तबकडी त्या दिवसाच्या खास यादीत नव्हती. तरी मी तीच घेतली. गमावलं जाणारं संगीत कुणीतरी उचलून, नीट करून परत आणलं, हे मोजक्या आवृत्तीचं खरं प्रयोजन तिच्यात पुरेपूर आहे.

आपला आणि तबकडीचा संबंध आजचा नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या ज्या लाखेच्या होत, ती लाख जगाला मुख्यतः भारतच पुरवत असे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात आपल्या गवयांनी ख्याल बसवले. एलपी आली आणि रागाला श्वास घ्यायला जागा मिळाली. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये ऐकण्याच्या छोट्या खोल्या होत्या. आधी ऐका, मग घ्या. 2016 साली ते दुकान बंद झालं. निवड करायला शिकवणारी एक शाळाच बंद झाली. पण सगळं संपलेलं नाही. माहीमला द रिव्हॉल्व्हर क्लब आहे, चोरबाजारात जुन्या तबकड्यांचे ढीग आहेत, आणि 2024 पासून मुंबईत पुन्हा तबकड्या छापल्या जाऊ लागल्या आहेत.

तुमच्या माळ्यावर

तर काय घ्यावं? परत आल्यावर मित्र हेच विचारतात. माझं उत्तर आता ठरलं आहे. जे संगीत दुसरीकडे मिळत नाही ते आधी. ज्याच्या मूळ फितीपासून साच्यापर्यंतचं काम कुणी केलं हे वेष्टनावर स्पष्ट लिहिलंय ते त्यानंतर. जे घरी पुन्हा पुन्हा लागेल याची खात्री आहे ते तिसरं. रंग, क्रमांक, वजन यांचा विचार सगळ्यांत शेवटी. आणि उद्या भाव वाढेल म्हणून काहीही घेऊ नये. न वाजलेली तबकडी म्हणजे प्लॅस्टिकची चकती.

भाचीनं त्या संध्याकाळी हबर्डची गोष्ट ऐकून घेतली. पुढच्या एप्रिलला मीही येणार, असं ती म्हणाली.

वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून तबकड्यांचं गाठोडं निघेल. ते भंगारात देऊ नका. दिल्लीत सापडलेल्या एका प्रतीमुळे एका कलावंताला त्याची कीर्ती परत मिळाली. आपल्याकडच्या नाट्यपदांच्या, भावगीतांच्या, वगाच्या, पोवाड्यांच्या किती तबकड्या पुन्हा कधी छापल्याच गेल्या नाहीत! लेबल वाचा, नाव आणि क्रमांक लिहून ठेवा, एखाद्या जाणकार दुकानदाराला किंवा संग्राहकाला दाखवा. तोवर ओल्या जागेत ठेवू नका, उन्हात वाळवू नका आणि एकीवर एक रचू नका. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या असतात.